रात्रीचं भाडं

सियावोंगात ऊन फुकट आहे.
सकाळी सातपासून ते पत्र्यांवर पसरतं,
मचाणांवर वाळत घातलेल्या कापेंटाच्या
बोटभर चंदेरी अंगांतलं पाणी शोषून घेतं
आणि कुणाकडे काही मागत नाही.

पैसे पडतात ते संध्याकाळी सहानंतर.

चोल्वेच्या कनवटीला कोटेशनचा कागद आहे,
सिचोनेच्या दुकानातला, चारदा घडी घातलेला.
घड्यांवरचे आकडे पुसट झाले,
बेरीज तेवढी ठळक राहिली.
लिथियम बॅटरी, पाच युनिटांची, नग एक.
आणि त्याखाली बॅटरी नसलेलं सगळं:
दार-ए-सलामच्या धक्क्यावर खोळंबल्याचं भाडं,
नाकोंडेच्या नाक्यावरचे चार दिवस,
जकात, विमा, ट्रकचं डिझेल,
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात व्याज,
शेकडा एकतीस.
कोंबडीपेक्षा मसालाच जड.

"जगात बॅटऱ्या स्वस्त झाल्यात, ताई,"
सिचोने फोनवर आलेख दाखवतो,
वरून खाली, घसरगुंडीसारखा.
"आणि क्वाचाचा?"
तोही काढून दाखवतो बिचारा.
तोही तसाच.

छपरावरची दोन पॅनेलं चिलिम्बातून आली.
आपल्याकडे भिशी म्हणतात, तेच.
सात बायका, सात महिने, चौथी पाळी चोल्वेची.
बॅटरीसाठी अशा किती पाळ्या लागतील
हे सातजणींनी मिळून मोजलं,
आणि मग विषय बदलला.

खाली करिबाचं पाणी.
तीही साठवणच म्हणायची,
नदी अडवून ठेवायची, हवी तेव्हा सोडायची.
त्या साठवणीचा पहिला हप्ता
तिच्या आजोबांच्या गावानं भरला,
घरं, थडगी, नदीकाठची काळी शेतं.
विजेचा खांब या गल्लीत आला
त्यानंतर चाळीस वर्षांनी.
यंदा तळं इतकं उतरलंय
की तेव्हा बुडालेल्या झाडांचे शेंडे
वर येऊन उभे आहेत
जुन्या घेणेकऱ्यांसारखे.
वीज येते दिवसाला तीन तास.
कुठले तीन, ते आल्यावर कळतं.

मग एका दुपारी,
ऊन नुसतं उतू जात असताना,
चोल्वेनं जुन्या फ्रीझरमध्ये मासे न ठेवता
पाणी ठेवलं.
कोल्ड्रिंकच्या बाटल्या, तेलाचे डबे,
झाकण हरवलेला एक थर्मास.
कडेनं गोधड्या गुंडाळल्या,
बाळंतिणीला गुंडाळावं तशा.
सूर्य गेला, पॅनेलं आंधळी झाली,
मोटर घरघरून गप्प झाली,
आणि पाण्याचे ते दगड
रात्रभर थोडी थोडी
दुपार परत करत राहिले.
पहाटे बाजारात ब्रीमचे डोळे
अजून काचेसारखे.
शेजारच्या तिघी विचारत आल्या, कसं केलंस?
तिनं सांगून टाकलं.
गिऱ्हाईक वाटलं जाणार, हे कळत होतं,
तरी सांगून टाकलं.

पण बर्फाच्या उजेडात वाचता येत नाही.

लुयांडो नववीत आहे.
सात वाजता ती वह्या घेऊन
चढावरच्या लॉजकडे निघते.
तिथं भिंतीआड बॅटऱ्यांची एक अख्खी खोली आहे,
रांगेनं मांडलेल्या, गार हवेत ठेवलेल्या,
आणि फाटकावरचा दिवा
कुणीही आलं-गेलं नाही तरी जळतो.
दिव्याभोवती किडे, दिव्याखाली पाच मुली.
वॉचमन नऊपर्यंत काही बोलत नाही.
नवानंतर खाकरतो.

आज वही संपली होती.
आईनं कनवटीचा कागद काढून दिला,
"मागून कोराच आहे."
लुयांडोनं त्यावर त्रिकोण काढला,
दोन बाजू समान, तिसरी शोधायची.
कागद दिव्यासमोर धरला
तर त्रिकोणाच्या पोटात
पलीकडची बेरीज दिसली, उलटी.

तिनं कागद खाली ठेवला,
आणि पाहिलं, नवाला अजून किती मिनिटं आहेत.