भिंतीएवढा खड्डा

आंबोळगडच्या वरच्या सड्यावर
माझा पाच गुंठे कातळ.
सातबाऱ्यावर शेरा : पोटखराब.
झाड नाही, खांब नाही. शेवटचा विजेचा खांब
खाली वळणावर, तो मीच उभारलेला,
एकोणनव्वद साली, दोन गडी आणि एक दोर घेऊन.
तिथून वर तार ओढायला सात खांब लागतील,
मंडळाने अंदाजपत्रक दिलं.
कागद घडी करून खिशात टाकला.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात उजेड नेला,
आता पुरे. छपरावर चार पॅनेल, खाली दोन बॅटऱ्या,
भागेल.

उरल्या भिंती.

पुतण्या म्हणाला, सिमेंटचे ब्लॉक घ्या, ट्रक वरपर्यंत येतो.
त्याच्याच घरी मे महिन्यातली एक दुपार काढली होती.
भिंतीला पाठ टेकली आणि उठलो.

मग कुड मनात आला :
निगडीच्या काठ्या, माती, शेण, बोटांचे ठसे.
सुगंधा म्हणाली, माती कुठली आणणार?
इथे एक घमेलं भरायला दिवस जाईल.
तिचं खरं होतं. मार्गशीर्षानंतर सड्यावर
गवताची काडीसुद्धा पांढरी पडते.
वाळवंट म्हणजे आणखी काय असतं?
खाली समुद्र दिसत राहतो,
म्हणून कुणी तसं म्हणत नाही.

याकुब मुकादम आले.
चपला काढून कातळावर उभे राहिले,
मग टिकाव उलटा धरून दांड्याने ठोकत फिरले,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसे.
एका जागी थांबले.
"चिरा इकत कशाला आणता?
पायाखाली घर हाय तुमचं. काढायचं न् बाजूला ठेवायचं."

पहिला चिरा निघाला तो ओला,
आतून जांभळट, पिवळ्या शिरांचा,
नखाने ओरखडा उठत होता.
मी घाबरलो. याच्यावर छप्पर ठेवायचं?
"वारा लागू द्या."
महिनाभर रचून ठेवले,
मग त्याच चिऱ्यावर तासणी खणखण वाजायला लागली.

पश्चिमेची भिंत दुहेरी.
मध्ये चार बोटं मोकळी, तिथे काही भरायचं नाही.
नुसत्या हवेसाठी एवढे चिरे?
याकुब हसले. "तुमच्या तारेला वरनं प्लास्टिक कशाला असतं?"
त्यानंतर मी त्या भिंतीबद्दल काही विचारलं नाही.

पूर्वेच्या भिंतीवरून आमचं वाजलं.
सुगंधाला तिथे जाळी हवी, चिरा सोडून चिरा.
मी म्हटलं, साप येतील.
ती म्हणाली, दारातून येत नाहीत का?
जाळी झाली.
साप आला नाही अजून. एक चिमणीएवढा पक्षी येतो,
नाव माहीत नाही,
तिसऱ्या भोकात बसतो, आमच्याकडे पाठ करून.

एका संध्याकाळी मोजायला बसलो. सवय,
दुसऱ्यांची युनिटं मोजण्यात आयुष्य गेलं.
भिंतींत चिरे नऊशे बारा.
फुटके ते पायऱ्यांना.
आणि दाराबाहेर हा खड्डा,
सरळ कडांचा, अंगावर टिकावाचे तिरके वण.
आत उतरलो. गळ्यापर्यंत सावली,
डोक्यावर ऊन.
आतून गिलावा घ्यायचाय, पन्हळ इकडे वळवायचीय.
भिंतींतून जेवढं वजा झालंय
तेवढं पाणी इथे राहील.

रात्री भिंतीला आतून हात लावून बघतो.
गार नाही म्हणता यायची. पण पाठ टेकवते.
सुगंधा झोपलीय. जाळीतून खाली
वळणावरचा खांब दिसतो,
त्याचा दिवा लुकलुकतो सारखा.
जम्पर सैल झाला असणार.
मी उठत नाही.