वरचे सुट्टे

अंदमानची चार तिकिटं
शकूआत्याच्या गुडघ्यात गेली.
डाव्या. टायटॅनियम का काय ते.
डॉक्टर म्हणाले, आता पंचवीस वर्षं बघायला नको.
आत्या म्हणाली, बघायला मी असायला हवी ना.

रजा मात्र मंजूर होती,
साहेबांच्या हिरव्या शाईतल्या सहीची.
कारणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात : बेटावर सहल.

बुधवारी आम्ही कपाटं आवरली.
गुरुवारी ऋजुताने पोहायचा नवाकोरा गॉगल लावून
बादलीत डोकं घातलं
आणि वर येऊन सांगितलं, मासे नाहीत.

शुक्रवारी निफाडचा पारा पाचावर उतरला.
इकडे नाशिकरोडला दाराची कडीसुद्धा चावत होती.
विलास कपाभोवती दोन्ही हात धरून म्हणाला,
नांदूरला जाऊ या?
कधी?
आत्ता. एवढा चहा संपला की.

ठरवलंच नव्हतं, म्हणून काही विसरलं नाही :
कालच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी,
आत्याची काठी, आत्या.

चांदोरी गेली, सायखेडा गेलं.
द्राक्षबागांतून रात्रीच्या शेकोट्यांचा धूर
अजून कमरेइतकाच उभा होता,
घडांना कागद गुंडाळलेले, जशी काही
सगळ्या तालुक्याची पार्सलं जायची आहेत कुठे.

चापडगावला मनोऱ्याखाली एकनाथ दराडे.
गळ्यात वनखात्याची दुर्बीण, पायात रबरी स्लिपर.
वर चढाल का मावशी, तो म्हणाला.
आत्याने उत्तर दिलं नाही, काठी माझ्या हातात दिली.
मी मागून बघत होते :
निळा समुद्र, काचेच्या तळाची होडी, पांढरी वाळू,
नाश्त्यासकट तीन रात्री
एकेक लोखंडी पायरी चढत होत्या
आणि मधेच कठड्याला धरून दम खात होत्या.

वर नुसतं पाणी. आणि पाण्यावर, देवा,
किती ते.
हा थापट्या, दराडे सांगायचा, चोच बघा, उलथन्यासारखी.
ते तलवार बदक. ती चक्रवाकाची जोडी.
आणि तो पानांवर चालतोय तो कमळपक्षी,
त्याला बोटंच एवढी लांब की बुडायची सोय नाही.

आत्या नावं ऐकत नव्हती.
बत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये होती ती.
तिने जिभेला अंगठा लावला
आणि हवेतल्या हवेत मोजायला लागली.
ओठ हलत होते. शंभर झाले की
करंगळी मिटायची.

बेट! ऋजुता ओरडली.
पाण्याच्या मधोमध हिरवा तुकडा, त्यावर तीन बगळे.
बेट कसलं, दराडे म्हणाला, गाळ आहे तो.
पावसाळ्यात बुडतो.
उन्हाळ्यात आमच्या म्हशी चालत जातात तिथवर.
सध्या दोन महिने बेट आहे, बघून घ्या.

विलास माझ्याकडे बघून हसला नाही.
मीही नाही.
दोघांनी आळीपाळीने दुर्बिणीतून ते बघितलं,
जरा जास्तच वेळ.

मग कुठून तरी भोवत्या आला, सावली टाकत,
आणि सगळं पाणी एकदम उठलं.
तो आवाज मला सांगता येणार नाही.
चादर झटकल्यासारखा, पण चादर
चापडगावापासून खाणगावापर्यंत.
ऋजुताने माझा हात धरला. दराडे,
रोज बघणारा दराडे, तोही गप्प.

गड्डी सुटली, आत्या म्हणाली.
तिचा अंगठा तसाच हवेत, ओला.
चार बोटं मिटलेली.
पक्षी डोक्यावरून गेले, परत फिरले, आणखी एकदा,
आणि तिने हळूहळू मूठ उघडली.

रात्री गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून पडली होती.
मी दिवा घालवायला गेले.
झोपलीय असं वाटलं, तर डोळे मिटूनच म्हणाली,
चौदाशे झाले होते गं.
वरचे सुट्टे
राहू दे तिथेच.