चार बोटं

कोर्गसच्या यार्डात दोन रूळ शेजारी शेजारी पडलेत,
अबोला धरलेल्या जावांसारखे.
आमचा रुंद, पलीकडून आलेला अरुंद.
फरक पंच्याऐंशी मिलिमीटर,
म्हणजे माझ्या हाताची चार बोटं, अंगठा सोडून.

म्हणतात, झारच्या माणसांनी तो मुद्दाम ठेवला,
शत्रूची गाडी सरळ आत घुसू नये म्हणून.
झार गेला, त्याला घालवणारेही गेले,
भीती तेवढी लोखंडात राहिली
आणि तिच्यावर आता माझी चूल पेटते.

मी कार्लगाश. म्हणजे पाकोळी.
क्रेनच्या टोकाला काचेच्या खोलीत बसते,
पायांखालीसुद्धा काच.
या गाडीवरचा डबा उचलायचा, त्या गाडीवर ठेवायचा,
एवढंच काम.
खाली फलकावर त्याला तीन भाषांत
मोठं नाव दिलंय.

वजन मला कागद न बघता कळतं.
पश्चिमेला जाणारा डबा पोलादी दोर कण्हायला लावतो :
टायर, वॉशिंग मशिनं, कुणाच्यातरी नाताळचे दिवे.
पूर्वेला परतणारा वाऱ्यावर डुलतो.
कधी बार्ली, कधी सूर्यफुलाचं तेल,
बहुतेकदा नुसती हवा, कुलूप लावलेली.
व्यापारातली तूट काय असते
ते मला मनगटानं शिकवलं.

डब्यांवर जहाज कंपन्यांची नावं,
एखाद्याच्या कडेला सुकलेलं मीठ.
इथून कुठलाही समुद्र हजारो मैल लांब.
माझ्या आजोबांनी, बेकेननी, तो कधी पाहिला नाही.
बासष्टच्या वसंतात ते मेंढ्या घेऊन तिकडून इकडे आले,
बहीण मागे राहिली, गुल्जात,
तिची सून बाळंतपणाला टेकली होती म्हणून.
सीमा म्हणजे काय विचारलं तर म्हणायचे,
मेंढीला न दिसणारी वस्तू.

त्या बाळंतपणातली मुलगी नुरसाउले.
तिच्याकडून फोनवर जर्दाळूच्या मुरंब्याचे फोटो यायचे,
नातवंडांचे, नव्या पडद्यांचे.
मग एकदा तिनं कधी न वापरलेल्या लिपीत
दोन ओळी आल्या :
आम्ही बरे आहोत. आता फोन करू नकोस.
सात वर्षं झाली.
तिच्या गावचं टोमॅटो सॉस मात्र येतं,
दर गुरुवारी, बावीस टन.

उत्तरेत लढाई पेटली तेव्हा
गाड्यांचे कागद रातोरात बदलले.
तो रस्ता नको, कास्पियनवरून घ्या.
आणि कुठल्याशा छोट्या गावाच्या नावानं
शिलाई यंत्रं येऊ लागली, डबेच्या डबे.
मी कस्टमच्या तोल्कूनला विचारलं,
एवढं काय शिवायचंय रे तिथे?
तो हसला नाही.
शिक्क्यावर फुंकर मारली, आणि उठवला.

मंगळवारी पाहुणे आले, पिवळी हेल्मेटं घालून.
संपर्क म्हणाले, समृद्धी म्हणाले, पुन्हा संपर्क म्हणाले.
त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.
त्यांतल्या एकानं दुभाष्यातर्फे विचारलं,
उद्या हे यंत्र आपलं आपण चाललं, तर तू काय करशील?
मी म्हटलं, खाली उतरेन.
दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काल रात्री वारा चढला, भोंगा वाजला,
आणि डबा अधांतरी राहिला
दोन रुळांच्या मधोमध.
अकरा मिनिटं तो कुणाचाच नव्हता.
नियमाप्रमाणे मी हात काढून मांडीवर ठेवले.
पलीकडे उंच इमारतींचे दिवे,
नुरसाउले त्यांच्याही पलीकडे, दीड तासाच्या रस्त्यावर,
बहुधा झोपलेली. बहुधा तिथेच.
थर्मासातला दुधाचा चहा साय धरत होता.
खाली कुणीतरी टॉर्च हलवून विचारत होतं, ठीक?

वारा पडला.
चार कोपरे, चार खटके.
पुढचा.