सोळा तासांचा दिवस

खमीसच्या तीन शेडमध्ये मिळून सहा हजार कोंबड्या
आणि एकही कोंबडा नाही.
आरवायला कोणी नाही, म्हणून
पहाट माझ्या उजव्या अंगठ्यात असते.
चारला मी बटण दाबतो
आणि सुवैकच्या बाहेर, खजुरांच्या मागे, बंद पत्र्याआड
उजाडतं.
रात्री आठला मावळतं.
बाराही महिने सोळा तासांचा दिवस.
एवढा उजेड दाखवला की कोंबडीला वाटतं
दिवस चांगले आलेत,
अंडं घालायला हरकत नाही.

थंडीत तीसचा ट्रे दीड रियालला जायचा.
ईद झाली, एक रियाल.
मग सोहारला कंटेनर उतरले
आणि बरक्याच्या मोठ्या दुकानात
कपडे धुण्याच्या पावडरीवर एक ट्रे फुकट.
ती जाहिरात खमीसने घडी घालून
दिशदाशाच्या खिशात ठेवली,
तपासणीचा रिपोर्ट ठेवावा तशी.
फुकटच्या ट्रेवर गावाचं नाव होतं : नामक्कल.
माझ्या देशातलं.
मी काही बोललो नाही.
वाचता त्यालाही येतं. तोही नाही बोलला.

म्हसळ्याहून शाहीनचा फोन :
इथे अंडं आठ रुपये झालंय,
पोरांना दिवसाआड देते. तुमची तिकडे चैन.
चैन आहे, मी म्हटलं.
दुपारी रस्सा, रात्री बुर्जी,
तोफाज्जल राइस कुकरमध्ये केक करतो.
पूर्वी फुटकी तेवढी आमची असायची.
आता धडही आमचीच.

एका अंड्याला खर्च अडतीस बैसा, हातात येतात चोवीस.
परवा खमीस वही मिटून म्हणाला,
जी घालत नाही ती खातेही कमी.
पंखे बंद करता येत नाहीत, बाहेर सेहेचाळीस.
पाणी तोडता येत नाही.
मग दिवे, तो म्हणाला.
सकाळी सातला लाव, पाचला घालव.

आमच्यात एक म्हण आहे, मी सांगायला गेलो.
कोंबडं अरबीत जमलं, झाकणंही जमलं,
उजाडायचं राहत नाही, इथे अडलो.
तो थांबून राहिला माझ्या तोंडाकडे बघत.
मी म्हटलं, जाऊ दे.

पाचला अंगठा टेकवला.
सहा हजार जणी एकदम गप्प.
मग कुठेतरी खाली, तिसऱ्या ओळीत,
एकीने घशातल्या घशात काहीतरी विचारलं.

चार दिवस झाले, आकडा तेवढाच आहे.
त्यांना अजून कळलेलं नाही.
मला मात्र चारला जाग येते.
बाहेर येतो तर पिकअपमध्ये खमीस,
हेडलाइट न लावता.
मी शेजारी जाऊन बसतो.
तो थर्मासातला कहवा ओततो, खजूर पुढे करतो.
साडेपाचला समुद्राकडून आपोआप उजाडतं,
त्याचा तसा काही उपयोग नाही.
आम्ही सात वाजायची वाट बघतो.