खोरं

पाच वाजून दहा मिनिटांनी तालमीचं दार उघडतं,
आधी बाहेर येतो वास :
तेल, हळद, ताक, लिंबू
आणि कालच्या पोरांचा घाम मुरलेली माती.

शिरोलीची फौंड्री बंद पडून तेव्हा आठ महिने झाले होते.
बावीस वर्षं वितळलेलं लोखंड बघितलेले डोळे
रात्री मिटायचे नाहीत.
छताच्या पत्र्याला खिळे किती, विचारा मला.
एकशे चौदा. त्यातले तीन गंजके.
डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, म्हणाले,
गोळी घ्याच, पण अंगही जरा दमवा.
शालन काही बोलली नाही.
डब्याचं फडकं रोज धुऊन वाळत घालायची फक्त,
डबा नसताना.

हिंदुराव वस्ताद सत्तरीचे, दोन्ही कान मोडलेले.
मी म्हणालो, व्यायाम करायचाय. वय अठ्ठेचाळीस.
त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं,
जनावरांच्या बाजारात बघतात तसं,
दात तेवढे मोजले नाहीत.
"जोर मार बघू."
मारले चार.
पाचव्याला कोपर वाकलं ते वाकलंच
आणि नाक मातीत.
भिंतीकडची पोरं फिसकन हसली.
वस्तादांनी कोपऱ्यातलं खोरं दाखवलं.
"रात्रीत माती बसती. दगड होती.
पोरं पडली की लागतंय त्यांस्नी.
ती उकरायची. रोज. बाकीचं मग बघू."

पहिल्या दिवशी अर्धाच हौदा झाला.
तळहाताला फोड, आणि हात डोक्यापर्यंत जाईना.
शालननं केस विंचरून दिले,
शाळेत जाणाऱ्या पोराचे विंचरतात तसे,
हनुवटी धरून,
आणि मधेच आम्हाला दोघांनाही हसू आलं.
कशाला, ते आठवत नाही.

हळूहळू कळलं, घाव खांद्यातून नाही,
कमरेतून घालायचा.
श्वास घावाबरोबर बाहेर सोडायचा.
काही सकाळी प्रत्येक घावाला
मॅनेजरचं नाव निघायचं तोंडातून.
काही सकाळी कुणाचंच नाही.
नुसतं खच्च, खच्च,
आणि कौलांच्या फटीतून खाली येणारा उजेड.

एकदा तीन दिवस गेलो नाही.
कारण काही नव्हतं,
उठलो, आणि परत भिंतीकडं तोंड केलं, एवढंच.
चौथ्या दिवशी गेलो तर इर्शाद मुल्लाणीच्या
कोपराचं सालपट निघालेलं, त्यावर हळद दाबलेली.
तो म्हणाला, "काका, बरं नव्हतं काय?"
वस्ताद लंगोट वाळत घालत होते,
त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.
त्या दिवशी मी हौदा दोनदा उकरला.

आता शालन म्हणते, "थांब की, मी पण येतो."
ती रंकाळ्याकडं वळते, मी तालमीकडं.
तिथं तिच्या चार बायका आहेत,
दोन फेऱ्यांत अख्ख्या पेठेची खबर घेऊन येतात,
आणि तिचा गुडघा, ती सांगते,
बोलत राहिलं की दुखत नाही.
डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणलीय.
खिळे अजून मोजतो काही रात्री,
साठाच्या पुढं सहसा जात नाही.
जोर एकोणीस. वीस काही केल्या होत नाहीत.
नवीन कामाचं अजून काही नाही.

माती उकरून झाली की कट्ट्यावर बसतो.
पोरं उतरतात, मातीला हात लावून कपाळाला लावतात,
शड्डू ठोकतात.
इर्शाद ढाक खाऊन पाठीवर पडतो.
धप्प.
मऊ आवाज.
उठतो, पाठ झाडतो, परत भिडतो.
माझ्याकडं बघत नाही,
बघायचं काही कारणच नसतं.

मी खोऱ्याचा दांडा पुसतो.