अंधाराचा आकडा

आधी अंधार मोजायचा.
झाकण लावून, लेझर बंद ठेवून
डिटेक्टर जो काही आकडा कुरकुरतो
तो वहीत लिहायचा,
आणि दिवसभर प्रत्येक उजेडातून वजा करत राहायचा.
मग पांढरी फरशी. शंभरातले नव्व्याण्णव परत.
तिला हात लावायचा नाही,
बोटाचा तेलकटपणा ती महिनोन्‌महिने विसरत नाही.

बाहेर सोहार, सेहेचाळीस डिग्री,
बंदराकडे वळणारे ट्रक, धूळ.
आत आम्ही दोघं, आणि रस्त्यावरच्या पट्ट्यांचे तुकडे.
नवा पिवळा : बासष्ट.
तोच पिवळा, सहा महिने चाकांखाली : एकोणीस.
डांबर : सात.
खल्फान आकडा अरबीत ओरडतो,
मी मनात मराठीत ऐकतो, इंग्रजीत लिहितो.
"बुरुन, झोपलास का?"
बुरोंडकर त्याच्या जिभेवर मावत नाही.

गुरुवारी त्याने मामाच्या होडीतली सुरमई आणली
ओल्या गोणपाटात. इकडे तिला कनअद म्हणतात.
"हिला लाव खाली."
लावली. पोटाकडची बाजू.
लाल ठिपका तिच्यावर थरथरला, की माझा हात, माहीत नाही.
एकाहत्तर!
कंपनीच्या सगळ्यात महाग रंगाहून नऊ जास्त.
खल्फानने साहेबाच्या रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकला.

मग कामं बाजूला. बर्फावर ठेवायची,
तासाने काढायची, पुसायची, मोजायची.
चौसष्ट.
बावन्न.
हर्णैच्या लिलावात माझी आई
कल्ला उचलायची, डोळ्यात बघायची,
"सकाळची नाय ही," म्हणायची, आणि भाव पडायचा.
एकच नजर. दुसऱ्यांदा मोजणं नाही.
ती आधी कुठला अंधार वजा करत होती
हे विचारायचं राहिलं.
चार वाजता अडतीस.
"आता खायची, की हिच्यावर पीएचडी करायची?"
रात्री कॅम्पात तळली. मीठ जरा जास्त झालं.

रविवारी पांढरी फरशी सत्त्याण्णव दाखवायला लागली.
केबल बदलली. आरसा पुसला.
अंधार तपासला, अंधार जागच्या जागी होता.
दोन तास एकमेकांवर चिडलो.
शेवटी भिंगाच्या कडेला
तिळाएवढा खवला, सुकून काचेसारखा झालेला.
चिमट्याने काढला.
नव्व्याण्णव.

वहीत बिघाडाच्या कारणाचा रकाना असतो.
खल्फान माझ्याकडे बघत राहिला.
मी लिहिलं : धूळ.