सुटे भाग

जाल दारूखानावालाच्या ताडदेवच्या गॅरेजात
ती विटांवर उभी होती. चारही चाकं गायब,
बॉनेटखाली मांजरीनं पिल्लं घातलेली.
"एमजी छे, डिकरा," म्हातारा म्हणाला,
घराणं सांगून स्थळ सुचवावं तसं.
साल त्र्याऐंशी. अकरा हजार, दोन हप्त्यांत.
पीएफमधून कर्ज काढलं,
अर्जात कारण लिहिलं : घरदुरुस्ती.
फारसं खोटं नव्हतं.

मी गोदीत टर्नर.
दिवसभर लेथवर जहाजांचं काम,
भोंग्यानंतर अर्धा तास तिचं.
शाफ्टच्या उरलेल्या पितळेतून गिअरचा गोळा कातला.
अजूनही झोपेत मूठ वळते
ती त्याच मापाची.

तिचं मूळचं रेडिएटर थंड देशातलं,
लालबागच्या सिग्नलला दुधासारखं उतू जायचं.
कैतान मिस्त्रीनं फियाटचं आडवं घालून बसवलं.
त्यासाठी पुढची पट्टी कापावी लागली,
तेवढा वेळ मी पानाच्या गादीवर जाऊन उभा राहिलो.
मग कार्बोरेटरही फियाटचा,
हॉर्न रिक्षाचा,
मागच्या पाट्यांत टेम्पोची एक जास्तीची,
कारण घोडपदेवच्या खड्ड्यांना
इंग्रजी समजत नव्हतं.

रात्री ती पिठाच्या चक्कीला लागून उभी असायची.
सकाळी टपावर ज्वारीचा पातळ थर,
त्यात पोरांनी बोटानं काढलेली तोंडं.
मी ती पुसायचो नाही. गाडी चालली की उडायची.

कुंदाला पहिल्यांदा बसवलं
तेव्हा तिच्या बाजूचा तळ गंजून जाळी झालेला.
हाजीअलीच्या वळणावर तिची एक चप्पल
खालून रस्त्यावर गेली.
मी थांबलो नाही,
ब्रेकवर तेवढा भरवसा नव्हता.
ती एका पायात चप्पल घालून तीन जिने चढली
आणि दार उघडताना म्हणाली,
"गाडी बरी आहे. तळ तेवढा घाला."
पुढच्या रविवारी गोदीच्या भंगारातला पत्रा वेल्ड केला.
तेव्हापासून तिच्या पोटात
कुठल्याशा बोटीचा डेक होता.

केतकी झाली आणि दोन सीटा कमी पडल्या.
मागच्या खाचेत एक बसवली,
पाटाएवढी, लाल रेक्झिनची.
तिथून ती माझे केस धरून
"डावीकडे" म्हणायची आणि उजवीकडे ओढायची.

पुढे चक्की गेली, बिल्डर आला,
त्याच्या नकाशात तिला जागा नव्हती.
वरळीचे एक शेठ आले, हातात जाडजूड पुस्तक.
पान बघायचे, गाडी बघायचे.
"हे निघेल. हेही. हे काय?"
"मुलीची सीट."
"हेही."

तीन महिन्यांनी त्यांचा ड्रायव्हर
जिन्याखाली गोणी टाकून गेला.
सचोटीचा माणूस. एक स्क्रूसुद्धा ठेवून घेतला नाही.
भंगारवाल्याच्या काट्यावर एक्केचाळीस किलो.
"देताय?" त्यानं विचारलं.
म्हटलं, वजन बघायचं होतं.
कुंदानं काही न बोलता
पोटमाळ्यावरचे फराळाचे डबे सरकवले.

यंदा जानेवारीत फोर्टात जुन्या गाड्यांची मिरवणूक.
दोरीच्या अलीकडे मी, पलीकडे ती.
अंगावर नवा हिरवा रंग, पुढची पट्टी अखंड.
आवाजही दुसराच, शिकवून आणल्यासारखा.
शेजारचा कुणी म्हणाला, "अगदी जशीच्या तशी ठेवलीय."
फाउंटनच्या सिग्नलला ती थांबली.
थांबली ती थांबलीच, नाकातून वाफ.
चालवणारा पोरगा कोवळा, शेठचा नातू असावा,
झाकणाकडे हात नेतोय.
मी दोरीखालून गेलो.
"उघडू नकोस. भाजेल."
रुमालाची घडी, अर्धा आटा, सुस्कारा, मग उरलेला आटा.
माझ्या बाटलीतलं पाणी घोटाघोटानं पाजलं.
"अंकल, तुम्हाला गाडीतलं कळतं?"

वाकलोच होतो, तर खाली पाहून घेतलं.
रंगाखाली माझ्या वेल्डिंगची रांग,
सुरुवातीला जरा वाकडी.
तळ कुणी बदलला नव्हता.

"थोडंफार," म्हटलं,
आणि रिकामी बाटली घेऊन
पुन्हा दोरीबाहेर आलो.